परळीचे थर्मल आणि आपली वीज

स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला तेव्हा वाटले, मधल्या सुट्टीतली बोरे, गांधी चमनच्या गप्पा आणि सरांची छडी यांवरच काहीतरी लिहायचे असणार. पण त्यांनीच सांगितले, "ते सगळेच लिहिणार आहेत. तू जन्मभर वीज मंडळात काढलास, तू परळीच्या थर्मलचा इतिहास लिही." विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या पिढीपुरता तो घरचाच आहे. आपल्यापैकी बहुतेकांची पहिली-दुसरीची उजळणी कंदिलाच्या उजेडात झाली आणि दहावीचा अभ्यास ट्यूबलाइटखाली. या मधल्या आठ-दहा वर्षांत मराठवाड्यात जे घडले त्यात परळीचा वाटा मोठा होता. आपल्यातले दोघे-तिघे तिथे नोकरीला लागले, आणि लोडशेडिंगच्या काळात आपण सगळ्यांनीच कधी ना कधी त्या थर्मलच्या नावाने बोटे मोडली आहेत. तेव्हा एकदा मुळापासून सांगतो.

मुंबईला वीज फार लवकर मिळाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पुढे भिवपुरी आणि भिरा आले. कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेने १९२९ मध्ये कोळशावरचे चोळा केंद्र उभारले, ते विजेवरच्या आगगाड्यांसाठी. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात. कोळशावरची वीज निजामाकडेही होती, आणि ती १९२० पासून होती, पण कुठे? हैदराबादेत, हुसेनसागराच्या काठावर. कोळसाही त्याच्याच राज्यातला, सिंगरेणीचा. राजधानी उजळली, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे समईच्या आणि चिमणीच्या उजेडात राहिले. जालना तेव्हाही व्यापाराचे गाव. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण काही उगीच पडली नव्हती. पण इथल्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालले ते वाफेच्या आणि तेलाच्या इंजिनांवर. कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे पिठाच्या गिरणीचे इंजिन फटफट करू लागले की दिवस सुरू झाला असे आपल्या आजोबांची पिढी समजायची.

१९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि १९६० चा महाराष्ट्र ही सनावळी आपल्याला इतिहासाच्या बाईंनी इतकी घोटून घेतली होती की इथे पुन्हा लिहीत नाही. विजेच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख २० जून १९६०. त्या दिवशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळाची भिस्त सुरुवातीला कोयनेवर होती. विदर्भात कोळसा होता, म्हणून खापरखेडा, पारस ही औष्णिक केंद्रे तिकडे. खानदेशात भुसावळ १९६८ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यात मात्र विजेचे स्वतःचे असे जवळजवळ काही नव्हते. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले आणि तिथे १९६८ मध्ये २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, ती आपल्या मातीतली पहिली मोठी वीज. ही तीच पूर्णा, जी आपल्या जालना जिल्ह्यातून वाहत पुढे जाते. पण २२.५ मेगावॉट म्हणजे काय, हे आजच्या हिशेबात सांगायचे तर जालन्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडाच्या थोड्याशा भट्ट्या एकदम चालू केल्या तर ते सगळे तिथेच संपेल.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला भूकंप झाला. वीजनिर्मिती थांबली आणि सगळी वीज एका डोंगरातून आणण्यात काय धोका आहे ते सरकारला कळले. पावसाचा भरवसा नाही, जमिनीचाही नाही, तेव्हा कोळशाची केंद्रे वाढवायला हवीत, हा विचार त्यानंतर जोर धरू लागला. नाशिकला १४० मेगावॉटचे दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये आले. त्याच सुमारास मराठवाड्याच्या वाट्याला परळी आली. पाटबंधारे व वीज खाते त्या काळात शंकरराव चव्हाणांकडे होते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली होती आणि मराठवाड्याला पाणी आणि वीज दोन्ही मिळाले पाहिजे, ही मागणी सगळ्या पक्षांच्या तोंडी होती.

आता प्रश्न असा की परळीच का? कोळसा शंभर-दोनशे किलोमीटरच्या आत कुठेच नाही. औरंगाबाद मोठे शहर होते, नांदेड होते, आपले जालनाही होते. भावनेच्या भरात कोणी म्हणेल वैजनाथाची कृपा. माझ्या मते हे रुळांनी ठरवले. आपण ज्या लाइनवर वाढलो ती मनमाड-काचीगुडा लाइन मीटरगेज होती आणि ती थेट नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली. खाणीतून निघालेली कोळशाची गाडी ब्रॉडगेजवर येणार. ती मनमाडला किंवा सिकंदराबादला रिकामी करून, माल पुन्हा लहान वाघिणींत भरून जालन्याला आणायचा म्हटले तर कोळशापेक्षा हमाली महाग पडली असती. परळीचे तसे नव्हते. विकाराबादहून बिदर, उदगीर, लातूर रोड करत परळीपर्यंत येणारी लाइन निजामाच्या काळापासूनच ब्रॉडगेज होती. परळीपासून पुढे परभणीची बाजू मीटरगेज. म्हणजे बल्लारपूरकडचा किंवा सिंगरेणीचा कोळसा काझीपेठ, सिकंदराबाद, विकाराबाद असा एकदाही न उतरवता परळीच्या दारापर्यंत येऊ शकत होता. मराठवाड्यात मोठा रुळ जिथे संपत होता तिथे थर्मल उभे राहिले.

३०-३० मेगावॉटचे दोन संच नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. एकूण ६० मेगावॉट. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण येलदरीच्या जवळजवळ तिप्पट. आणि वेळ कशी साधली पहा. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला. आपण तेव्हा सात-आठ वर्षांचे. शाळेत मिळणारी सुकडी आणि घरी लाल मिलोच्या भाकरी सगळ्यांना आठवत असतील. खडी फोडायला गेलेल्या आया आठवत असतील. धरणे कोरडी म्हणजे पाण्यावरची वीजही तुटपुंजी. अशा वेळी कोळशावर चालणारे हे दोन लहान संच मराठवाड्याला फार उपयोगी पडले. आणि दुष्काळाने आणखी एक गोष्ट केली, जिचा थर्मलशी थेट संबंध आहे. त्यानंतर जो तो विहीर खणू लागला. मोटेचे बैल गेले, तेलाची इंजिने आली, आणि खांब शेतापर्यंत पोचले तशी विजेची मोटार आली. अंबड, घनसावंगी, जालना या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा या मोटारींवर वाढल्या. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या फिया त्या बागांनी भरल्या आहेत.

आपली नववीची सहल परळीला गेली होती, ती १९७९-८० च्या हिवाळ्यात. वैजनाथाचे दर्शन, अंबाजोगाईची योगेश्वरी, मुकुंदराजांची समाधी आणि मध्ये थर्मल. बहुतेकांना एसटीतल्या भेंड्या आणि पुरी-भाजीचे डबेच आठवतात, पण भूगोलाच्या सरांनी तिथे आपल्याला एक काम दिले होते. वहीच्या मागच्या पानावर थर्मलचा चौकोन काढायचा आणि तीन बाण काढायचे : कोळसा कुठून आला, पाणी कुठून आले, वीज कुठे गेली. "चौथा बाण असेल तर तोही काढा," असे सर म्हणाले होते. आपल्यापैकी एकीने राखेचा बाण काढला होता आणि तिला सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. ती आज या मेळाव्याला येणार आहे, म्हणून मुद्दाम लिहिले. पुढे तीस-पस्तीस वर्षे मी जे काम केले ते सगळे त्या चार बाणांत मावते.

आत काय चालते ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातले डॉक्टर-वकील अजूनही मला विचारतात की कोळशातून वीज निघते कशी. कोळसा वाघिणींतून उतरवतात, क्रशरमध्ये फोडतात, पट्ट्यावरून वर नेतात आणि गिरणीत दळतात. शब्दशः दळतात, पावडरीसारखे बारीक पीठ होते. ते पीठ गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात आणि ते हवेतच पेट घेते. बॉयलरच्या भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्या. त्या पाण्याची वाफ सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवून टर्बाइनवर सोडली की टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्या घेते. त्याच दांड्यावर जनरेटर. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५०, म्हणूनच आपल्या घरातली वीज ५० सायकलची. काम झालेली वाफ पुन्हा पाणी करून बॉयलरकडे पाठवायची असते, आणि ती थंड करण्यासाठी ते डमरूच्या आकाराचे प्रचंड मनोरे. त्यांतून निघणारा पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे, ती पाण्याची वाफ. धूर निघतो तो उंच चिमणीतून. सहलीच्या वेळी आपण सगळे त्या मनोऱ्यांकडे बघून "केवढा धूर!" म्हणत होतो. गंमत अशी की, थर्मलचे बहुतेक पाणी नेमके त्या पांढऱ्या लोटातूनच आकाशात जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहल गेली तेव्हा दोन लहान संच चालू होते आणि शेजारी तिसऱ्या संचाचे काम चालले होते. तो २१० मेगावॉटचा होता, भेलने बनवलेला, आणि तो ऑक्टोबर १९८० मध्ये सुरू झाला. आपली दहावी झाली त्या १९८१ मध्ये १ मे रोजी जालना जिल्हा झाला, म्हणजे जिल्हा आणि मोठी वीज आपल्याला एकाच वर्षात मिळाली म्हणायला हरकत नाही. चौथा संच मार्च १९८५ ला आणि पाचवा डिसेंबर १९८७ ला आला. तिन्ही २१० चे. ६० मेगावॉटचे केंद्र सात वर्षांत ६९० मेगावॉटचे झाले. राज्यात सगळीकडेच तेव्हा २१० चे संच बसत होते, नाशिकला, कोराडीला, चंद्रपूरला. एक साचा ठरला की सुटे भाग सारखे, माणसांचे शिक्षण सारखे, चुकाही सारख्या. मी १९८८ मध्ये मंडळात लागलो आणि पहिलीच नेमणूक परळीला झाली. पाचवा संच नवाकोरा होता. जालन्याचा मुलगा म्हटल्यावर वरिष्ठ साहेब हसून म्हणाले होते, "तुमच्याकडच्या मोसंबीला पाणी पाजायचं काम आहे हे."

२१० च्या एका संचाची भूक किती असते याचा हिशेब सोपा आहे. एका युनिट विजेला साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. पूर्ण क्षमतेने चाललेला संच तासाला दीडशे टन, दिवसाला साडेतीन हजार टन खातो. मालगाडीच्या अठ्ठावन्न-साठ वाघिणींचा एक रेक म्हणजे जवळपास तेवढाच कोळसा. थोडक्यात एका संचाला रोज एक आगगाडी. आणि आपल्याकडचा कोळसा असा की त्यातला तिसरा हिस्सा किंवा जास्त राखच असते. साडेतीन हजार टन आत गेले की हजार-बाराशे टन राख बाहेर. ती पाण्यात कालवून नळाने राखेच्या तळ्यात सोडायची. म्हणजे कोळशाला रूळ पाहिजे, वाफेला पाणी पाहिजे, मनोऱ्याला पाणी पाहिजे आणि राखेलाही पाणीच पाहिजे.

इथेच परळीचे दुखणे आहे. रुळासाठी जागा उत्तम होती, पाण्यासाठी नव्हती. वाण नदी लहान. गोदावरी उत्तरेला, काही अंतरावर. सोनपेठजवळ खडक्याला गोदावरीवर बंधारा घालून तिथून पाणी उपसून परळीला आणायचे आणि बंधाऱ्यात पाणी उतरले की वरच्या माजलगाव धरणातून सोडायचे, अशी व्यवस्था होती. माजलगावला पाणी सिंदफणेचे आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे. म्हणजे जायकवाडी भरले तर माजलगावला आधार, माजलगावला असेल तर खडक्याला, आणि खडक्याला असेल तर परळीला. या साखळीच्या वरच्या टोकाला नाशिक-नगरचा पाऊस. ६० मेगावॉटच्या केंद्राला यातले काहीच जाणवले नसते. जुन्या पद्धतीच्या केंद्राला एका युनिटमागे सुमारे साडेतीन लिटर पाणी धरले, तर ६० मेगावॉटला दिवसाला पन्नास लाख लिटर पुरतात. पण ६० मेगावॉटसाठी निवडलेल्या जागेवर पुढे जवळपास एकोणीस पट वीज उभी राहिली. प्रत्येक वाढीच्या वेळी कारण एकच होते, आणि ते चुकीचेही नव्हते : जमीन आहे, रूळ आहे, कॉलनी आहे, तयार माणसे आहेत, मराठवाड्याला वीज पाहिजे. पाण्याचा प्रश्न प्रत्येक वेळी पुढच्या पावसाळ्यावर सोडला गेला, असे मला इतक्या वर्षांनी वाटते.

१९८७ नंतर मात्र परळीत वीस वर्षे एकही नवा संच आला नाही. मराठवाडा विकासाच्या अनुशेषाची चर्चा जोरात होती. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जो अनुशेष मोजून दाखवला त्यात ग्रामीण विद्युतीकरण हाही एक विषय होता. खांब आणि तारा गावोगाव गेल्या, पंपांची संख्या वाढत गेली, पण मागे निर्मिती त्या वेगाने वाढली नाही. नव्वदच्या दशकात राज्याचे लक्ष आणि पैसा दाभोळकडे लागला होता. ती वीज महाग पडली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. चंद्रपूर आणि खापरखेड्याला त्या काळात काही संच झाले, पण ते पुरेसे नव्हते. मग जे झाले ते आपण सगळ्यांनी भोगले. २००५ च्या पुढेमागे खेड्यांत दिवसाला बारा-बारा तास वीज नसायची. रात्री-बेरात्री मोटार चालू करायला शेतात जावे लागे. आपल्या मुलांची दहावी-बारावी त्या काळात आली आणि घराघरांत इन्व्हर्टर आले. आपण कंदिलातून ट्यूबलाइटकडे आलो होतो. आपली मुले ट्यूबलाइटमधून इमर्जन्सी लॅम्पकडे गेली. मला तेव्हा लग्नकार्यातही लोक गाठून विचारायचे, "काय साहेब, लाइट कधी देता?" नातेवाईकही "साहेब" म्हणू लागले की समजावे, राग आहे.

विद्युत कायदा २००३ नुसार ६ जून २००५ ला मंडळाचे विभाजन झाले. निर्मिती महानिर्मितीकडे, तारा महापारेषणकडे, बिले महावितरणकडे. परळीला महानिर्मितीच्या काळात २५० मेगावॉटचे नवे संच आले, जुन्या थर्मलच्या शेजारीच. सहावा २००७ मध्ये, सातवा २०१० मध्ये, आणि आठवा २०१६ मध्ये. १९७१ चे दोन लहान संच तोपर्यंत निवृत्त झाले होते. सातवा संच आल्यावर तीन जुने आणि दोन नवे मिळून परळीची क्षमता ११३० मेगावॉट झाली. 

आणि मग २०१३ चा फेब्रुवारी आला. २०१२ चा पाऊस गेला होता. जायकवाडी मृतसाठ्याच्या आसपास, माजलगाव तळाला, खडक्याचा बंधारा कोरडा. एकेक संच बंद करत करत फेब्रुवारीच्या मध्यात शेवटचा संचही थांबला. ११३० मेगावॉटचे केंद्र, कोळसा आहे, माणसे आहेत, यंत्रे धडधाकट आहेत, आणि पाण्याअभावी सगळे ठप्प. टर्बाइनचा आवाज थांबल्यावर थर्मलच्या आवारात काय वाटते ते तिथे काम केलेल्या माणसालाच कळेल. त्या आवाजाची इतकी सवय असते की शांततेने झोप लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात आपल्या जालन्याची काय अवस्था होती ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपण होतो. नळाला किती दिवसांनी पाणी यायचे, टँकरवर किती भांडणे झाली, मोसंबीच्या किती बागांवर कुऱ्हाड चालली हे आपल्याच घरांतले आहे. आता हिशेब मांडून पहा. ११३० मेगावॉट दिवसभर पूर्ण चालले तर वरच्या दराने साडेनऊ कोटी लिटर पाणी लागते. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजार. माणशी शंभर लिटर धरले तर शहराला रोज २ कोटी ८५ लाख लिटर. म्हणजे थर्मलच्या एका दिवसाच्या पाण्यात आपले शहर तीन दिवस प्याले असते. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे हा निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल मला शंका नाही. थर्मलमधले माझे सगळे सहकारीही, पगार तिथून मिळत असताना, हेच म्हणत होते. पण त्याच वेळी बोअरला तीनशे-चारशे फुटांवरून पाणी ओढायला वीजही लागत होतीच. १९७२ मध्ये विहिरींवर बसलेल्या मोटारींनी चाळीस वर्षे जमिनीखालचे पाणी उपसले होते, ती वीज पुरवणाऱ्यांत परळी होती, आणि पाणी संपल्यावर परळीच बंद पडली. त्या वर्षी घाणेवाडीच्या तलावाकडे पाहताना मला भूगोलाच्या सरांचा पाण्याचा बाण आठवायचा.

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणता आले असते. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी परळी पुन्हा बंद झाली आणि २०१६ च्या पावसाळ्यापर्यंत बंद राहिली. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले ते त्याच उन्हाळ्यात. कोळशासाठी टाकलेल्या रुळांच्या शेजारच्या जिल्ह्यात आगगाडी पाणी वाहत होती. आणि याच काळात तिथे आठव्या संचाचे काम पुरे होत होते.

पाण्याइतकाच जुना प्रश्न राखेचा. वर्गातल्या मैत्रिणीचा तो चौथा बाण. परळी आणि आसपासच्या गावांनी ही राख पन्नास वर्षे अंगावर घेतली आहे. वाळत घातलेले कपडे, ज्वारीची पाने, पाण्याचे माठ, सगळ्यांवर. १९९९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने राखेच्या वापराची अधिसूचना काढली आणि जी राख फेकून द्यायची वस्तू होती तिला भाव आला. सिमेंटमध्ये ती मिसळते, विटा होतात, रस्त्याच्या भरावात जाते. परळीभोवती वीटभट्ट्या उभ्या राहिल्या आणि राखेच्या टिप्परांची वाहतूक हा एक धंदाच झाला. धंदा आला की त्यामागून जे येते तेही आले. त्यावर अलीकडे पेपरांत पुष्कळ छापून आले आहे, इथे वाढवत नाही. एवढेच की न झाकलेल्या गाडीतून राख नेणे नियमाला धरून नाही, आणि तरी परळीच्या रस्त्यावर दुपारी स्कूटर चालवणाऱ्याचा रुमाल संध्याकाळी पांढरा राहत नाही.

आपल्यापैकी जे जालन्याच्या लोखंडाच्या धंद्यात आहेत त्यांचा मला नेहमीचा प्रश्न : परळी आपल्या एवढी जवळ, मग आपल्याला स्वस्त वीज का नाही? उत्तर असे की विजेला गावाचे नाव नसते. परळीची वीज ग्रीडमध्ये जाते, चंद्रपूरची जाते, कोयनेची जाते, आणि जालन्याची भट्टी त्या एकाच तळ्यातून घेते. एक टन भंगार वितळवायला सुमारे ६०० युनिट लागतात, त्यामुळे दरात दहा पैशांचा फरक पडला तरी सळईच्या भावात दिसतो, हे खरे. पण परळीची वीज मुळातच महाग. चंद्रपूरला खाण दाराशी आहे. परळीला कोळशापेक्षा कोळशाचे भाडे बोचते. नव्या पद्धतीत ज्याची वीज स्वस्त त्याला आधी चालवायचे, मग त्याच्याहून महाग, असा क्रम लागतो. मागणी कमी असली की या रांगेत परळी शेवटी असते आणि संच चालवायला तयार असूनही बंद ठेवावे लागतात. १९७१ मध्ये ज्या रुळांमुळे परळीची निवड झाली त्याच रुळांच्या लांबीने पन्नास वर्षांनी तिला रांगेत मागे ढकलले.

२१० चे तिन्ही संच आता मोडीत निघाले आहेत. आपण सहलीत ज्याचे बांधकाम पाहिले तो तिसरा संचही त्यात आला. कामगार ज्याला जुने थर्मल म्हणतात तिथे आता शुकशुकाट आहे, आणि कॉलनीतली बरीच घरे रिकामी आहेत. आमच्या पाळीतले अनेक जण परळीतच घर बांधून राहिले, काही पुण्याला मुलांकडे गेले. नव्या बाजूला २५० चे तीन संच, ७५० मेगावॉट. माणसे पूर्वीपेक्षा खूप कमी, कारण नव्या संचांत बरेचसे काम संगणकाच्या पडद्यावर चालते.

परवा तिथल्या एका तरुण इंजिनियरशी बोलणे झाले. आपल्याच जिल्ह्यातला, मंठ्याकडचा मुलगा. तो म्हणाला, "सर, तुमच्या वेळी रात्री भार कमी करायचे, आता आम्हाला भर दुपारी कमी करावा लागतो." कारण सौरऊर्जा. मराठवाड्याचे जे ऊन आपण शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभे राहून सोसले तेच आता वीज देते. शेतातल्या पंपांवर सौर पाट्या दिसू लागल्या आहेत आणि शेतकऱ्याला रात्री जाण्याऐवजी दिवसा मोटार चालवता येते, ही फार मोठी सोय झाली. दुपारी सूर्य माथ्यावर असताना कोळशाच्या संचांना आपला भार निम्म्यापर्यंत उतरवावा लागतो. बॉयलर असा वरखाली करणे त्याच्या नळ्यांना सोसत नाही. हे संच एका लयीत चालण्यासाठी बनलेले आहेत. मग सूर्य मावळतो, घराघरांत दिवे लागतात, टीव्ही लागतात, स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळा भार पुन्हा वर चढवावा लागतो. त्यामुळे परळीच्या कंट्रोल रूममध्ये आता सर्वांत धावपळीची वेळ म्हणजे दिवेलागण.